खडूतला नखाएवढा तुकडा

"वनमाला, पोलिसांना फोन करण्याआधी तू येऊन जा गं. कॉलेजची अब्रू जाईल."

फोनवर प्राचार्या क्षमा दळवी होत्या. निवृत्त फौजदार वनमाला परब हातातलं काम टाकून मुलुंडच्या त्या कॉलेजात पोहोचल्या.

चोरीला गेला होता नखाएवढा एक तुकडा. बोटींच्या बुडाला चिकटून बसणारे, खडकावर अनवाणी पाय पडला तर कापून काढणारे ते बार्नेकल. त्यांच्या एका पूर्वजाचं ते कवच, डायनासोरच्या काळातल्या खडूच्या खडकात सापडलेलं. खडू इंग्लंडहून अभ्यासाला आलेला. जात अगदी नवी, आणि ती ओळखणारी प्रांजल राणे ही संशोधक मुलगी त्यावर दोन वर्षं डोळे फोडत होती. ज्या नमुन्यावरून जातीला नाव द्यायचं, तो संग्रहालयात जमा करावाच लागतो. आता नमुना गेला आणि वर चोरीचा संशय.

"नमुना ठेवायच्या कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक प्रांजलकडे," मधुकर सर म्हणाले. ते प्रांजलचे मार्गदर्शक. शार्कच्या जीवाश्म दातांवर अख्खी हयात घालवलेला हा माणूस सगळ्या कॉलेजला देवमाणूस वाटे. "मला कोणावर आळ घालायचा नाही. पण..."

तेवढा 'पण' वनमालाबाईंना पुरला. दारात पोरं जमलेली असतानाच त्यांनी प्रांजलची बॅग टेबलावर पालथी केली. पुस्तकं, छत्री, कंगवा, डबा. डबाही उघडला आणि तोंडल्याची भाजी चमच्याने चिवडून पाहिली. प्रांजल मान खाली घालून उभी होती. दारात कुणीतरी फिदीफिदी हसलं.

काहीच सापडलं नाही. वनमालाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली न बघता पोरीच्या जेवणात हात घातला होता त्यांनी.

मग त्यांनी खोली पाहिली. ज्यातून तो तुकडा निघाला होता तो खडूचा गोळा जागेवरच होता आणि त्यात तसलेच आणखी दोन तुकडे रुतलेले दिसत होते. खिडकीत काचेचा वाडगा, घाईघाईने विसळलेला, काठाला पांढरं पुट. त्यांनी तो नाकाशी नेला. आंबूस वास आला.

"हा वास कसला?"

"व्हिनेगरचा," प्रांजल पुटपुटली. "सर त्यात दगड विरघळवतात. मग दात मोकळे होतात."

"दात विरघळत नाहीत?"

"नाही. ते वेगळ्या द्रव्याचे असतात."

"आणि हे बार्नेकलचं कवच?"

"ते खडूसारखंच, चुन्याचं. म्हणून मी नुसत्या सुईनेच..." प्रांजल थांबली. तिने सरांकडे पाहिलं.

वनमालाबाईंनी दार लावून घेतलं.

"चोराने अख्खा गोळा उचलला असता, एकच तुकडा नाही. शिवाय प्रांजल व्हिनेगर वापरत नाही. सर, तुकडा खोलीबाहेर गेलेलाच नाही. तो या वाडग्यात विरघळला."

सर खुर्चीत बसले.

"फोटो झकास यावा म्हणून जरा साफ करायला घेतला. सवयीने हात बाटलीकडे गेला. संध्याकाळी बुडवून घरी गेलो. सकाळी वाडग्यात नुसतं गढूळ पाणी. पहिल्या वर्षाचं पोर करणार नाही अशी चूक! वाडगा धुतला आणि तेवढ्यात क्षमाताई आत आल्या. तोंडातून 'चोरी' निघून गेलं."

"आणि माझी बॅग उघडली तेव्हा, सर?"

सरांनी चेहरा ओंजळीत झाकला. क्षमाताई भिंतीकडे बघत राहिल्या.

"गोळ्यातले दोन मी सुईने काढीन," प्रांजल म्हणाली. "जमा करायला नमुना मिळेल, जात वाचेल. पण सर, ज्यांच्यासमोर माझा डबा उघडला, त्यांच्यासमोर हे सांगा. सगळं."

सर उठले. दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून तिथेच थांबले.

वनमालाबाईंनी डब्याला झाकण लावलं, पुस्तकं बॅगेत भरली आणि बॅग प्रांजलच्या हातात दिली.

"सरका सर," त्या म्हणाल्या. "डबा मी उघडला होता. आधी मी बोलते."

आणि त्यांनी कडी काढली.