पाचवीला पुजलेला दगड

स्वयंपाकघरात वरवंटा पाट्यावर घरघरला आणि श्वास रोखून बसलेलं घर दचकलं.

बाळंतिणीच्या खोलीत सुंदरबाईनं तान्ह्याला कुशीत ओढलं. मघापर्यंत अंगणातून मार खाणाऱ्या राखणदार भिलाचं ओरडणं ऐकू येत होतं. आता तेही थांबलं होतं.

तोरणमाळच्या तळ्याकाठी सापडलेला, जुन्या राजाचं नाव कोरलेला वीतभर दगड रात्री पडवीतून नाहीसा झाला होता. तिचा नवरा, ओव्हरसियर सुकलाल, तो साहेबांना दाखवणार होता. राखण भिलाची, म्हणून दुपारी पोलीस त्याला बेड्या घालून शहाद्याला नेणार होते.

हवापालटाला आलेले खाजगी गुप्तहेर पितांबर पडवीतच बसले होते. सोबत त्यांचा दोस्त शब्बीर.

"घाटातल्या चौकीवरून चिटपाखरू उतरलं नाही," शब्बीर म्हणाला. "बाकी चहूबाजूंनी उभे कडे. घरांची झडती झाली. भूत घेऊन गेलं म्हणा, भाऊ, आणि जेवायला चला!"

"सगळ्या घरांची?"

"या घरची बाळंतिणीची खोली सोडून. तिथं कोण पुरुष जाईल?"

पितांबरांनी भिलाला विचारलं, "निजला कुठं होतास?"

"पायरीवर आडवा. मला ओलांडल्याबिगर कोणी वर येत नाही, दादा."

सुकलाल चिडला. "म्हणजे घरच्यांनीच नेला? दगड गेला तर माझीच नोकरी जाईल. मी चोरीन?"

पितांबर स्वयंपाकघरात वाटण वाटणाऱ्या सुंदरबाईच्या सासूकडे, धनुबाईकडे वळले. "काल रात्री पाचवी कोणी पुजली?"

"सूननीच. माले खोलीमझार येऊ दिन्ह नही."

"आणि हा पाटा?"

"आठेच व्हता रातभर. मी त्याना शेजारीच निजनू."

पितांबर खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबले.

"ताई, आत येत नाही. दगड घाट उतरला नाही, बाहेरचं कोणी पायरी चढलं नाही. म्हणजे तो घरातच आहे, झडती न झालेल्या खोलीत. पाचवीला पाटा पुजतात. सटवाई त्याच रात्री बाळाच्या कपाळी लिहून जाते. तुमचा पाटा तर सासूबाईंपाशी होता. मग तुम्ही पुजलंत काय?"

"या अल्ला!" शब्बीर पुटपुटला.

सुंदरबाईनं गोधडी उचलली. खालच्या दगडावरची राजाची अक्षरं हळदीनं माखली होती.

"दोन लेकरं पाळणामाच गयात," ती म्हणाली. "वाटनं, या दगडवरलं लिखेल इतलं टिकनं, तसं याचंबी टिको. पहाटे परत ठेवी देणार व्हतू. पण तवलोंग भिलाले धरं."

"आणि त्याला मारत होते तेव्हा?"

भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं, आणि तिनं बाळाचे कान झाकले होते.

सुकलालनं भिलाला सोडलं. तो लंगडत फाटकाबाहेर गेला. मागं वळून पाहिलं नाही.

दारातली थोरली लेक कमल त्याच्याकडे बघत होती.

"माय, भिलादादाना कपाळवर मारबी सटवाईनीच लिखेल व्हता का?"