उचल

सकाळच्या सरावाला मास्तर आणि काकू सगळ्यांच्या आधी पोचायचे. शिंप्याच्या दुकानावरची ती लांबट खोली. एका भिंतीला आरसा, खाली वापरून वापरून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन. खिडक्या उघडायच्या, मग भिंतीचा आधार घेऊन एकेक सांधा जागा करायचा. मास्तरांचे गुडघे वाजले की काकू म्हणायच्या, "पियानोवाला यायच्या आतच तुमचं संगीत सुरू."

दोघं नवराबायको. तरुणपणापासून एकाच मंडळीत नाचत आलेले, आणि साठी कधीच मागे पडली तरी पोट अजून नाचावरच. मंडळीतले बाकीचेही त्यांच्याच वयाचे. खेळाला गर्दी व्हायची ती म्हाताऱ्यांचं कौतुक करायला नव्हे. नाच खरोखरच बघण्यासारखा असायचा. त्याचा शेवट म्हणजे उचल. मास्तर काकूंना कमरेला धरून डोक्यावर उचलायचे, काकू हात पसरायच्या आणि पियानोवाला शेवटचा सूर दाबून धरायचा.

यंदा मास्तरांचा उजवा खांदा कामातून गेला. लेक हाडांची डॉक्टर. तिने खांद्याचा फोटो उजेडाला धरून बघितला आणि म्हणाली, "बाबा, नाचा हवं तेवढं. पण आईला उचलायचं विसरा. हात सुटला तर काय होईल, ते मला बोलायला लावू नका."

मास्तर मनातून पार खचले. उचल नसेल तर आपण स्टेजवर कशाला, असं त्यांना वाटू लागलं. काकूंनी ते ओळखलं. "उचलीच्या जागी मी एक छोटीशी उडी मारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसते हात लावा. लोकांना काय कळतंय!"

उडी बसवली. पहिल्याच दिवशी पियानोवाला मध्येच थांबला.

"काकू, जरा सावकाश उतरलात."

"तूच घाई केलीस."

तो हसला, पण पुढच्या वेळी वाजवताना त्याची नजर काकूंच्या पायांवर होती. मास्तरांच्या लक्षात आलं ते वेगळंच. त्या खोलीची जमीन मांजर चाललं तरी करकरायची. काकू उतरल्या तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही.

आणखी काही दिवसांनी उडीच्या वेळी त्यांनी तळवे काकूंच्या कमरेला लावले, तर हाताला वजनच लागेना. दोरीवरचा वाळलेला सदरा काढावा, तसं वाटलं.

"बारीक झालीस का गं?"

"कुठली! परवाच पोशाख कमरेत उसवून घेतला."

मास्तरांना भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्या दिवशी जिना उतरताना ते शीळ वाजवत होते.

पहिला खेळ दुपारचा होता. थिएटर गच्च भरलेलं, लेक पुढच्या रांगेत. नाच असा रंगला की मंडळीतले एकमेकांकडे बघून गालात हसत होते. शेवट जवळ आला. काकूंनी उडी घेतली, मास्तरांनी हात लावले.

काकू त्यांच्या तळव्यांतून निसटून वर गेल्या.

मास्तरांचे हात छातीशीच राहिले. खांदा त्याहून वर जाऊ देत नव्हता. काकूंची पावलं त्यांच्या चेहऱ्यासमोरून गेली, मग कपाळावरून. वर काकू हात पसरून हसत होत्या, अगदी लग्नाआधी हसायच्या तशा. पियानोवाल्याने सूर दाबून धरला होता.

मग त्या अलगद खाली आल्या आणि टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

रंगपटात लेक रागाने लाल झाली होती. "बाबा, मी इतकं बजावून सांगितलं होतं."

"मी नाही उचललं."

"मग काय आई आपली आपण वर गेली?"

मास्तरांनी हात वर करून दाखवला. तो खांद्याच्या खालीच अडकला. लेकीने तो हलकेच धरून पाहिला, सोडला आणि खुर्चीवर बसली.

काकू आरशासमोर चेहऱ्यावरचा रंग पुसत होत्या. "मला विचारा ना," त्या म्हणाल्या. "कुणीतरी वरून हात दिला."

"कुणी?" लेकीने विचारलं.

"ते नाही दिसलं. पण नाचणाऱ्याचा हात होता. घामेजलेला, आणि धरायची पद्धत अगदी नीट."

"आई, भीती नाही वाटली?"

काकूंनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "अगं, कंबर दुखायची थांबली."

लेकीने मग हट्ट सोडला. दर खेळाला ती पुढच्या रांगेत येऊन बसू लागली. आधी मुठी आवळून, मग इतरांसारखीच टाळ्या वाजवत. लोक मास्तरांच्या ताकदीची तारीफ करायचे आणि मास्तर मान खाली घालून ती ऐकून घ्यायचे. काकू दर वेळी आणखी थोड्या वर जायच्या. खाली एकटं उभं राहून त्यांच्याकडे बघताना मास्तरांना आनंद व्हायचा, आणि आत कुठेतरी थोडा हेवाही वाटायचा.

गेल्या खेळाला काकू वर गेल्या आणि खाली वाकल्या. त्यांनी हात पुढे केला.

"या ना," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी विचार न करता उजवा हात वर केला. तो सरळ वर गेला. दुखला नाही.

काकूंनी तो धरला.

खाली सूर विरत चालला होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो आवाज पायांखालून येत होता. मास्तरांना इतकं हसू येत होतं की डोळे भरून आले. आधाराला म्हणून त्यांनी डावा हात स्टेजच्या छताखाली दिवे टांगायच्या आडव्या नळीवर ठेवला.

नळीच्या वरच्या अंगाला धूळ साचली होती. त्या धुळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांचे ठसे होते, लहानमोठे, बऱ्याच जणांचे. काही ताजे. काहींवर पुन्हा धूळ बसलेली.