कस्तुराच्या खोलीतली ओल

१९७३च्या एप्रिलात आम्ही धुळ्याला पाचव्या गल्लीत भाड्याने राहत होतो. मी ओव्हरसियर. साक्री तालुक्यातल्या विहिरींत टेप सोडायचा आणि पाणी किती खाली गेलंय ते लिहून घ्यायचं, हे माझं काम. बहुतेक विहिरींतून टेप कोरडाच वर यायचा. शहरात नळ चौथ्या दिवशी येई, आणि पांझरेच्या वाळूत झिरे खणून बायका वाटीवाटीने हंडे भरत.

अशा उन्हाळ्यात आमच्या कस्तुराच्या खोलीची भिंत ओली झाली.

कस्तुरा, आमची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची. तिच्या खाटेशेजारी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आधी ताटाएवढा डाग दिसला. मग चुन्याचे पोपडे सुटले, त्यांच्याखाली काळी बुरशी धरली आणि पोरीला खोकला लागला. बायकोने सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवून भिंत घासली, लिंबाच्या पाल्याचा धूर केला. चार दिवसांत बुरशी परत आली. मी पेन्सिलीने डागाची कड आखून बाजूला तारीख घातली. आठवड्यात डाग रेघेबाहेर वीतभर गेला.

माझा संशय घरमालकावर होता. भिंतीपलीकडे मिश्रीलालशेठचं कोठार. त्यांनी तिथे चोरून टाकी बांधलीय, असं मी धरूनच चाललो होतो. एका रविवारी सरळ त्यांच्याकडे गेलो.

"शेठ, तुमचं कोठार बघायचंय."

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. "टाकी शोधताय ना? या."

आत आढ्यापर्यंत तुरीची पोती. त्यांनी स्वतः चार पोती ओढून भिंत मोकळी केली. मी तळवा टेकवला. भिंत ठणठणीत कोरडी.

"पाणी असतं तर माझी तूर राहिली असती का, साहेब?" शेठ म्हणाले. "तुमच्याच घरात बघा."

ते बोलणं डोक्यात राहिलं. कस्तुराच भिंतीवर पाणी ओतत असेल का? बायको दोन दिवस रांजणापाशी पहारा देऊन बसली. पोरगी रांजणाकडे फिरकलीही नाही. डाग मात्र वाढला.

मग लोटन गवंडी आला. त्याने छिन्नीने गिलावा उडवला, आतली वीट फोडली आणि तिचा चुरा माझ्या हातावर ठेवला. नुकताच भट्टीतून काढल्यासारखा सुका. ओला होता तो फक्त गिलाव्याचा खोलीकडचा पापुद्रा.

"ओल भीतमा नही शे, भाऊ," तो म्हणाला. "आठे खोलीमा शे."

त्याने कस्तुराच्या खाटेकडे पाहिलं आणि छिन्नी-हातोडी गोणपाटात गुंडाळली. गिलावा करायला उद्या येतो म्हणाला. आला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी दोघींना पिंपळनेरला, बायकोच्या माहेरी धाडलं. खोलीची खिडकी मुद्दाम बंद ठेवली. वारा नाही, ऊन नाही. तरी तिसऱ्या दिवशी भिंत पांढरी पडली. पाचव्या दिवशी बुरशीवर फुंकर मारली, तर ती राखेसारखी उडाली.

मला बरं वाटायला हवं होतं.

नवव्या दिवशी दुपारच्या एसटीने दोघी परतल्या. कस्तुराचा खोकला पार गेला होता, गाल वर आले होते. ती उड्या मारत आत पळाली.

बायको दारातच थांबली.

"तिला काही विचारू नका," ती हळू म्हणाली.

"काय झालं?"

"तिथे गेल्यापासून तिने पाण्याला तोंड लावलेलं नाही. आई भांडं हातात देते, ही हसते आणि खाली ठेवते."

"तुझी नजर चुकवून पीत असेल."

"मी तिच्याजवळून हलले नाही."

बायकोच्या ओठांना उन्हाने चिरा पडल्या होत्या. बोलताना त्यांतून रक्त आलं.

मी खोलीत गेलो.

कस्तुरा खाटेवर बसून बाहुलीचे केस विंचरत होती. तिने मान वर केली.

तिचे ओठ ओले होते.