डाव्या बाजूची तक्रार

तक्रारी वाचायचं काम माझं. इंग्लंडात क्रॅडली हीथला कालव्याच्या कडेला आमची शेड आहे. तिथे आम्ही गाड्यांचे जुने ब्रेक नव्यासारखे करून इंटरनेटवर विकतो. म्हणजे नेमकं सांगायचं तर कॅलिपर, चाकाच्या तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा लोखंडी जबडा. गिऱ्हाईक आमचा घेतं आणि त्याच पेटीत आपला जुना घालून परत पाठवतं. तो जुना आम्ही उकलतो, वाळूच्या माऱ्याने घासतो, त्याच्यावर जस्ताचा मुलामा चढवतो, नवा पिस्टन आणि नवं रबर बसवतो. मग तो तिसऱ्याच कोणाच्या तरी गाडीला जातो. मूळचं उरतं ते फक्त ओतीव लोखंड.

सोळा वर्षांत निम्म्या तक्रारी एकाच गोष्टीच्या वाचल्या. लोक डावा कॅलिपर उजवीकडे बसवतात. मग हवा काढायचं तोंड वरच्याऐवजी खाली येतं, हवा आतच राहते, पेडल मऊ लागतं, आणि शिव्या खायला मी. चोराच्या उलट्या बोंबा. फोटो मागवला की चोर सापडतो. त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झाली आहे. आमचे हे म्हणतात, ‘मॉरीन, तू घरीसुद्धा पुरावा मागतेस.’ मागते. त्यात काय चुकलं?

एमलिन प्रॉसर यांची तक्रार मार्चमध्ये आली. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पोस्टमन, राहणार वेल्समध्ये, बाला गावाच्या वरच्या डोंगरात. वीस वर्षांपूर्वी बनायची बंद झालेली हिरवी गाडी. त्यांनी पुढच्या चाकांची जोडी घेतली होती. तक्रारीत चारच वाक्यं होती. ‘तुमचे ब्रेक उत्तम आहेत. मी दाबले की लागतात, सोडले की सुटतात. मला माझा डावा जुना परत हवा आहे. बाकी काही नको.’

मी ठरलेलं उत्तर पाठवलं : जुना माल आमच्याकडे आला की आमचा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विक्रीच्या वेबसाइटवर रीतसर वाद दाखल केला आणि कारणांच्या यादीत ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ याच्यासमोर खूण केली. आमचे मालक ट्रेवर म्हणाले, “म्हातारा डोक्याला ताप आहे. फोन करून मिटव.”

फोन केला.

“वर्णनाप्रमाणे काय नाही, मिस्टर प्रॉसर?”

“तुम्ही लिहिलंय, मूळच्यासारखंच काम करतील. तसं करत नाहीत.”

“तुमचा मूळचा अडकत होता. तुमच्याच मेकॅनिकने लिहून दिलंय, पुढचा डावा धरून ठेवतो म्हणून.”

“धरून नव्हता ठेवत. वळणाच्या जरा आधी धरायचा. मग सोडायचा.”

“आपोआप?”

“मी तसं म्हणालो नाही, बाई.”

पलीकडे किटली ठेवल्याचा आवाज झाला. मी वाट पाहिली. म्हाताऱ्या माणसांना घाई केली की ती पहिल्यापासून सुरुवात करतात.

“माझी बायको, मेन्ना,” ते म्हणाले. “चव्वेचाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसली. गाडी शिकली नाही कधी, पण ब्रेक मात्र रोज मारायची. समोर पेडल नसताना. वळण आलं की पाय दाबलाच. तिच्या बाजूच्या चटईला तिच्या टाचेचं भोक पडलंय. मी चिडवायचो, तुझ्यामुळेच आपण जिवंत आहोत गं. ती म्हणायची, मग काय तर.”

“कधी गेल्या त्या?”

“दोन वर्षं झाली, ऑक्टोबरात. नोव्हेंबरपासून डावा ब्रेक धरायला लागला. वळणाआधी, अगदी तिच्याच जागेवर. मी दुरुस्ती केली नाही. कशाला करू? यंदा वार्षिक तपासणीवाल्यांनी पकडलं आणि म्हणाले, बदल, नाहीतर कागद मिळणार नाहीत. बदलला. आता काहीच होत नाही. वळणं येतात आणि जातात.”

मी म्हटलं, “हे धोक्याचं आहे, मिस्टर प्रॉसर. आपोआप लागणारा ब्रेक मी कोणालाही देऊ शकत नाही.”

“तीन आठवडे झाले, मी गाडी काढलेली नाही,” ते म्हणाले. “खाली दुकानात पायी जातो. शेजारची सीट रिकामी बघवत नाही.”

“आधीही रिकामीच होती ना?”

“नाही. आधी नव्हती.”

आमचे हे गाडीत बसले की गल्ली संपायच्या आत घोरायला लागतात. माझ्यासाठी कोणी कधी पाय दाबलेला नाही. मी म्हणाले, बघते. असं मी कोणाला म्हणत नाही.

बघते म्हणणं सोपं होतं. जस्त चढलं की सगळे कॅलिपर सारखेच दिसतात, आणि कोणाचा कुठला अशी नोंद आम्ही ठेवत नाही. पण मॉडेल जुनं असल्याने डावे फक्त नऊ होते, आणि त्यातला एकही अजून विकला गेला नव्हता. त्यांचाच जुना त्या नऊमध्ये असणार. मी ते ढकलगाडीवर घालून चाचणीच्या टेबलाशी, सतनामकडे नेले. सतनाम जवळच्या स्मेदिकचा, शीख घरातला, तीस वर्षं याच टेबलावर. भुताखेतांवर त्याचा विश्वास नाही, दाबमापकावर आहे.

त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. “आमची आईपण दाबायची,” एवढंच म्हणाला आणि पहिला कॅलिपर चिमट्यात आवळला.

नऊच्या नऊ व्यवस्थित होते. दाब दिला की पिस्टन बाहेर, काढला की आत. सतनामने नववा टेबलावर तसाच ठेवून नळी काढली आणि हात पुसले. “एकही अडकत नाही. त्याला म्हणावं, अख्खी फळी धुंडाळली.”

तेवढ्यात आमचा माल हलवणारा डॅरेन फोर्कलिफ्ट घेऊन दारातून आत वळला. डॅरेनला हळू हा शब्द माहीत नाही. फोर्कलिफ्ट सरळ आमच्या टेबलाकडे आली, आणि टेबलावर बारीक, ओलसर आवाज झाला.

पिस्टन बाहेर आला होता. करंगळीच्या नखाएवढा.

“हवा असेल,” सतनाम म्हणाला.

“नळी कुठे लावलीय?”

त्याने नळीकडे पाहिलं. ती खुंटीला टांगलेली होती. कॅलिपरमध्ये तेलाचा थेंब नव्हता. त्याने अंगठ्याने पिस्टन आत ढकलला, डॅरेनला हाक मारली आणि पुन्हा दारातून यायला सांगितलं, पण सावकाश. डॅरेन कुरकुरत गेला आणि सावकाश आला. पिस्टन हलला नाही.

“आता नेहमीसारखा ये,” मी म्हणाले.

तो नेहमीसारखा आला. वळायच्या जरा आधी पिस्टन सरकला.

सतनामने बाकीचे आठही कॅलिपर एकेक करून लावले. डॅरेनने आठ फेऱ्या मारल्या, आठही वेळा शिव्या दिल्या. काही झालं नाही. मग पुन्हा नववा लावला.

या वेळी सतनामने जबड्यात पुठ्ठ्याची पट्टी धरली. डॅरेन वळला. पट्टी गच्च पकडली गेली. सतनामने ओढून पाहिली. पट्टी निघेना.

डॅरेन पलीकडे जाऊन थांबला, इंजिन बंद केलं, चहाला गेला. पट्टी सुटली नाही.

शेडमध्ये दुपारचं ऊन होतं. रेडिओवर कुठल्याशा घोड्यांच्या शर्यतीचे निकाल सांगत होते.

मी वाकले. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी म्हणाले, “मेन्नाबाई, थांबलाय तो. गेला चहाला.”

पट्टी सतनामच्या हातात आली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. दोन्ही बाजूंना दाबल्याच्या गोल खुणा होत्या. त्याने पट्टी घडी करून कचऱ्यात टाकली, मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत उचलून खिशात ठेवली.

काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. तो भंगारात घालायचा, प्रॉसरना नकार कळवायचा, ट्रेवरना सांगायचं, वाद मिटला. सोळा वर्षं मी लोकांना सुरक्षेचे नियम ऐकवले आहेत. पण तो माणूस डोंगरावर पायी चढउतार करत होता आणि त्याची बायको इथे माझ्यासमोर डॅरेनला घाबरत होती. मला ते सोसवेना. मी चाचणीच्या कागदावर सही केली. सतनामनेही केली. यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. अळीमिळी गुपचिळी.

त्याने विचारलं एवढंच, “एकटाच पाठवतेस?”

“एकटा कसा पाठवू?”

आमच्या धंद्यात ब्रेक एकटा जात नाही. एका बाजूचा बदलला की दुसऱ्या बाजूचाही बदलायचा, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. गिऱ्हाईक कितीही म्हणो, मला एकच द्या, आम्ही जोडीच देतो. हा नियम मी स्वतः छापून भिंतीवर लावला आहे. प्रॉसरनी डावाच मागितला होता, पण माझा हात सवयीने उजव्यांच्या फळीकडे गेला. पहिला लागला तो घेतला, पेटीत शेजारी ठेवला आणि पेटीला चिकटपट्टी मारली. तो टेबलावर लावून बघावा हे माझ्या मनातही आलं नाही. आत चिठ्ठी घातली : ‘सावकाश चालवा. त्यांना त्रास होतो.’

आठवड्याने वाद मागे घेतला गेला. ट्रेवर म्हणाले, “शाब्बास. कसं पटवलंस?” मी म्हटलं, समजूत घातली.

मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना ती हिरवी गाडी डोंगरावरून उतरताना दिसायची. शेजारची सीट आणि चटईचं ते भोक. एकदा आमच्या ह्यांना गाडीत कोपराने ढोसून जागं केलं आणि म्हटलं, निदान एखाद्या वळणावर तरी घाबरा. ते म्हणाले, तू चालवतेस की मग कशाला घाबरू. तेही मला गोडच वाटलं.

मेच्या शेवटी दुकानाच्या पानावर त्यांचा अभिप्राय आला. पाचपैकी पाच तारे. मी चहाचा कप घेऊन वाचायला बसले.

‘डावा तिचाच आहे. पहिल्याच वळणाला कळलं. मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ रडलो. मॉरीन टिमिन्स बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आम्ही रोज फिरायला जातो. एकच विचारायचं होतं. उजवा कोणाचा आहे? तो वळणांना घाबरत नाही. चढ, उतार, पूल, कुठेही काही नाही. फक्त गाडी घराकडे वळवली की गच्च धरतो. तेव्हा मेन्नासुद्धा त्याच्यासाठी धरून ठेवते. नाव कळलं तर कळवा, म्हणजे हाक मारून समजूत घालता येईल. काल आम्ही फाटकाबाहेर गाडीतच झोपलो.’