आडापासनं तिसरं दार

सुरज, ते बंद कर आदी. तुझ्या आजोबांचाच फोटो हाय, मान्य. पर गेलेल्या माणसाला मोबाईलमधी असं डोळं मिचकवाया लावू नये. हसू नका रं. रश्मी, तू बी बस. माझ्या खोल्यांत भाड्यानं ऱ्हाता, चार शब्द सांगायचा हक्क हाय मला. हायवेवर ट्रकांचा आवाज हाय तवर सांगून टाकतो.

माझा दोस्त हाय बाळासो. शिरूरला ऱ्हातो. आख्खी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली त्याची. रिटायर झाला आन् त्याला नाद लागला जुन्या फोटोंचा. कुणी मोबाईलवर टाकायचं, ‘ही गल्ली कुठली, ओळखा.’ लोक फोटोत माणसं बघत्यात. बाळासो छपरं बघायचा. पत्र्याचा उतार, देवळाचा कळस, सावली कुणीकडं पडलीया. मग तो फोटो घिऊन जाग्यावर जायाचा. हात लांब करून फोटो डोळ्याफुडं धरायचा आन् मागं-फुडं सरकायचा. फोटोतला कळस खऱ्या कळसावर बसला की म्हणायचा, “जुळलं. फोटोवाला हितंच उभा व्हता.” पाडून पन्नास वर्सं झालेलं घर कुठल्या शटरच्या जागी व्हतं, ते तो फुटावर सांगायचा. कवा चुकला न्हाई.

दोन वर्सामागं नोव्हेंबरात राहू गावावरनं अनिता नावाची पोरगी त्याच्याकडं आली. मोबाईलवर एक फोटो दावला. शिरूरची तांबट आळी. ती आळी आता न्हाई, रस्ता रुंद झाला तवा गेली. फोटो एकेचाळीस सालचा. डाव्या हाताला आड, फुडं दारांची रांग, आन् एका दारात एक बाई उभी. डोक्यावर पदर, एक हात चौकटीवर. तोंड अगदी साफ दिसतंय.

अनिता म्हणाली, “मामा, माझ्या आजेसासूबाई, सोजराबाई, चौऱ्याऐंशी वर्सांच्या हायत. त्यांची आई त्या तीन वर्सांच्या असताना तापानं गेली. आईचा एकबी फोटो न्हाई. वडील एवढंच सांगायचे, आपलं घर तांबट आळीत, आडापासनं तिसरं दार. फोटो बघितल्यापासनं आजी जेवत न्हाईत. ही बाई तिसऱ्या दारात हाय का, एवढं फक्त सांगा.”

बघा, साधं काम. दारं मोजायची.

बाळासोनं फोटो मोठा करून मोजली. एक, दोन, तीन. बाई तिसऱ्या दारात. पर मोजणीतला माणूस. एकदा मोजून भागत न्हाई त्याचं. दुसऱ्या दाराच्या पल्याड पत्र्याची पडवी व्हती, तिची काळी सावली पडलेली. त्या सावलीत त्याला खाली दोन पायऱ्या दिसल्या. पायऱ्या म्हंजी दार. पडवीमागं अरुंद दार दडलं व्हतं. त्येनं जुना नकाशा काढला. तिथं बी तेच.

बाई चौथ्या दारात व्हती.

शिरूरमधीच बयाबाई म्हणून नव्वदीची म्हातारी हाय, तांबट आळीतच वाढलेली. बाळासो तिच्याकडं गेला. फोटो बघून म्हातारीनं डोळं मिटून घेतलं. म्हणाली, “ही व्हय... हिची पोरगी आडात पडून गेली. बबी तिचं नाव. तवापासनं ही दारात उभी ऱ्हायची. कुणाचंबी लेकरू दिसलं की ‘बबे’ म्हणून हाक मारायची. उचलून आत न्यायची, खाऊ घालायची आन् सोडायचीच न्हाई. रडून बोंबलून आमच्या आया आम्हाला सोडवून आणायच्या. त्या दाराफुडनं एकटं जायाची बंदी व्हती आम्हाला.”

आता बाळासोला खरं ठाऊक झालं. खरं सांगायलाच तो राहूला गेला.

गेला तर काय, सोजराबाईनं त्या फोटोची मोठी कॉपी काढून आणवलेली. मांडीवर घिऊन बसलेली. नवं लुगडं नेसलेली. बाळासोला म्हणाली, “भाऊ, माझी पोरं झाली, नातवंडं झाली. समदी म्हणायची, तू कुणावर गेलीस गं? मला सांगता येत नव्हतं. आता सांगा. आमचंच दार ना?”

बाळासो मला म्हणला, “आबा, माझ्या जिभेवर ‘न्हाई’ आलं व्हतं. पर तिचं तोंड बघितलं आन् मी म्हणालो, व्हय मावशी. तुमचंच.”

आयुष्यात पहिल्यांदा त्येनं चुकीची जागा सांगितली. आन् चुकून न्हाई, जाणून.

म्हातारी त्या फोटोच्या गालावरनं बोट फिरवत म्हणाली, “आई, मी हितं हाय गं. ये की मला बघाया.”

पंधरा दिस गेले. सोळा डिसेंबर, शनिवार. दुपारी अनिताचा फोन आला. “मामा, आजी रात्रीच्या बोलत बसत्यात. ‘आई, आलीस व्हय’ म्हणत्यात. पहिल्यांदा आम्हाला बरंच वाटलं, जेवाया लागल्या व्हत्या. पर आता सोजराआजी म्हणून हाक मारली तर वळतबी न्हाईत.”

“मग काय म्हणायचं?”

“बबी म्हणा म्हणत्यात.”

बाळासोच्या हातातला चहाचा कप तसाच ऱ्हायला. बबीचं नाव त्येनं राहूत कुणालाच सांगितलं नव्हतं. बयाबाईला राहूतलं कुणी ओळखतबी न्हाई.

दिवस मावळता त्येनं मोटरसायकल काढली. न्हावऱ्यावरनं भीमेचा पूल वलांडला. उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. राहूत पोचला तवा साडेसात वाजलेलं. घर गावाबाहेर, नवं, स्लॅबचं. अनिताचा नवरा कंपनीत सेकंड शिफ्टला. घरात ह्या दोघी.

सोजराबाई कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. उशाशी फोटो. अनितानं जेवल्याबिगर बोलू दिलं न्हाई. मग बाळासो खुर्ची वढून बसला. “मावशी,” म्हणाला, “मला एक सांगायचंय.”

तेवढ्यात लाईट गेली. आठ वाजून चाळीस मिनिटं. अनिता मोबाईलची बॅटरी लावाया गेली तर म्हातारी म्हणाली, “नगं लावू. आईला उजेड सोसत न्हाई.”

आवाज म्हातारीचाच. पर बोलणं लहान पोरीचं.

बाळासो म्हणाला, “मावशी, ती तुमची...”

“हळू बोला की. आई भाकऱ्या थापतीया.”

...

आन् त्येनं ऐकलं. आतनं. सैपाकघरातनं.

थप... थप... थप...

अनिता त्याच्या शेजारी बसलेली. तिचा हात त्याच्या बाहीवर. घरात चौथं माणूस न्हाई.

थप... थप...

भाकरी परातीत फिरती तसा आवाज. मधीच बांगड्यांचा. काचेच्या.

मग थांबला.

सैपाकघराच्या दारात कुणीतरी येऊन उभं ऱ्हायलं. दिसलं न्हाई काही. पर दार जिथं जरासं उजळ दिसत व्हतं... तिथं आता दिसंना.

“बबे.”

एवढंच. हळू. मायेनं म्हणावं तसं.

म्हातारीनं पांघरूण बाजूला केलं. उठाया लागली. गुडघ्यांमुळं धड बसता न येणारी बाई... झटक्यात पाय खाली सोडून बसली.

बाळासोनं तिचा दंड धरला. कसं बोलला, त्याचं त्यालाच ठाऊक न्हाई. “बाई... ही बबी न्हाई. ही सोजरा हाय. तिसऱ्या दारची. हिच्या आईला ताप आला व्हता. तुम्ही... तुम्ही चौथ्या दारच्या. मला ठाऊक व्हतं. मी खोटं बोललो.”

...

...

बाहेर कुत्रंबी भुंकंना.

“हिला वाटलं तुम्ही हिच्या आई हाय. चूक माझी. हिची न्हाई.”

मग हुंदका. एकच. आन् पावलं. जड. त्यांच्या म्होरनं गेली, वट्ट्यावर गेली, पायरी उतरली. शेताच्या अंगानं लांब लांब गेली.

अनिता रडाया लागली. बाळासोनं तिला गप केलं. कारण...

कारण पावलं परत येत व्हती.

पर ती न्हवंत. ही हलकी. दमानं टाकलेली. आजारी माणूस भिंतीला धरून चालतं तशी. वट्ट्यावर आली. थांबली. म्हंजी आत यायचं का न्हाई, असं. मग उंबरा वलांडून कॉटपाशी आली आन् तिथंच थांबली.

म्हातारीच्या दंडावरचा हात बाळासोनं आपसूक काढला. का काढला, इचारू नका. त्यालाबी सांगता येत न्हाई.

नऊ वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. खोलीत कुणीच न्हाई. म्हातारी कुशीवर झोपलेली, गालाखाली हात. अनितानं भीत भीत हाक मारली, “सोजराआजी?”

“व्हय गं,” म्हातारी झोपेतच म्हणाली. “झोप आता.”

आपल्या नावाला वळली. दोघांच्या जिवात जीव आला. सैपाकघरात जाऊन बघितलं, परात कोरडी, तवा गार. बाळासो तिथंच व्हरांड्यात आडवा झाला.

पहाटं अनिता चहा द्याया गेली तवा सोजराबाई गेलेली व्हती. डॉक्टर म्हणलं, वय झालं व्हतं, झोपेत गेल्या. खरंच असंल. चौऱ्याऐंशी म्हंजी काय कमी न्हाई.

फोटोत काही फरक पडला का, असं तुम्ही इचारणार. न्हाई. बाई आपली चौथ्या दारात तशीच उभी. बाळासोनं त्या दिवसापासनं फोटो ओळखायचं सोडलं. रात्री-अपरात्री मला फोन करतो आन् एकच इचारतो, “आबा, दुसऱ्यांदा आली ती कुणाच्या दारची आसंल रं?” मी म्हणतो, तो गाल आठव.

म्हातारीला आंघोळ घालाया बाया जमल्या तवा त्यांनी बघितलं. डाव्या गालावर काळा ठिपका. तान्ह्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून लावत्यात ना, तशी तीट. काजळाची, करंगळीच्या टोकानं लावलेली, अजून वलसर. त्या घरात लहान लेकरू न्हाई, काजळ कुणी घालत न्हाई.

अनितानं पुसाया वला पदर हातात घेतला. गालापर्यंत नेला... आन् मागं घेतला.

तीट तशीच ठिवून नेली म्हातारीला.