परका साक्षीदार

अराबा क्वान्सा अपील जिंकली आणि लंडनमध्ये कायमची राहायला मोकळी झाली. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. या गोष्टीत तसलं काही झालेलं नाही.

झालं ते एवढंच, की टॉटनहॅमच्या हॉलमध्ये, तिच्या देशाच्या रीतीप्रमाणे, कुणा अंकल बाइडूंच्या मयताची पार्टी रंगली होती, लाल-काळ्या कपड्यांतली दोनशे माणसं नाचत होती, आणि अराबाची टाच एका अनोळखी माणसाच्या अंगठ्यावर पडली.

"आई गं! सिस्टर, दुसरा कुठलाही पाय चालला असता. हा एका पोर्तुगीजाने आधीच मोडलाय."

"कुठल्या पोर्तुगीजाने?"

"बेकरीतल्या दुआर्तेने. माझ्या पायावर ट्रे सोडला. गेल्या चौदा मार्चला."

अराबा नाचायची थांबली. "दुआर्ते... माझा नवरा होता."

"अरेरे! देव त्यांच्या आत्म्याला—"

"मेला नाहीये. पोर्तोला राहतो."

चौदा मार्चलाच तिने घटस्फोटाचा अर्ज टाकला होता. त्या दिवशी तिचा युरोपियन नवरा इथे कामावर होता हे सिद्ध झालं, तरच तिचा इथे राहायचा हक्क शाबूत. नाहीतर नऊ वर्षं आणि सलूनमधली स्वतःची खुर्ची सोडून मायदेशी, केप कोस्टला परत. दुआर्ते पगाराच्या पावत्या देईना, म्हणून सरकारने तिचा इथे राहायचा अर्ज फेटाळला होता आणि तिने अपील केलं होतं. आणि आता तिचा पुरावा समोर एका पायावर उभा राहून जोलोफ भात खात होता.

पुराव्याचं नाव आटो घार्टे. बेकरीच्या अपघातवहीत सगळी नोंद होती: तारीख, ट्रे, दुआर्ते, अंगठा.

वकीलबाई ओगुनलेयेंनी वही वाचली. मग चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "तुमच्यात काही आहे?"

"छे!" दोघं एकदम म्हणाली.

"फारच लवकर म्हणालात. हे बघा, साक्षीदार परका आहे म्हणून त्याच्या शब्दाला वजन. उद्या सरकारी वकील म्हणेल, प्रियकर खोटं बोलतोय. निकाल लागेपर्यंत प्रेम बंद."

तोवर दोघांच्या मनात तसं काही नव्हतं. किंवा असेलही... बंदी आल्यावर काहीच कळेनासं झालं. बसस्टॉपवर पाऊस भुरभुरत होता.

"मी तुमच्याकडे बघतोय का हो?" आटोने विचारलं.

"मला काय माहीत? मी कुठे तुमच्याकडे बघतेय?"

"मग लाजताय का?"

"थंडी आहे."

पुढच्या शनिवारी तो सलूनमध्ये येऊन तिच्या खुर्चीत बसला. अराबाने त्याच्या चकचकीत टकलाकडे पाहिलं. "केस कुठायत?"

"येतील. मला घाई नाही."

सुनावणीला न्यायाधीश बाईंनी विचारलं, "अपीलकर्तीशी तुमचं नातं काय?"

आटोने अराबाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "सध्या... परका, बाईसाहेब."

"सध्या?"

"निकाल लागेपर्यंत."

वकीलबाईंनी फाईल तोंडावर धरली. सरकारी वकिलाने पेन उघडलं.

"आणि अंगठा मोडला तो नक्की चौदा मार्चलाच?" न्यायाधीश बाईंनी पुढे विचारलं.

"तो तेव्हाच, बाईसाहेब. आत्ता चाललंय ते... अंगठ्यात नाहीये."

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. निकाल सहा आठवड्यांनी पोस्टाने येईल, म्हणाल्या.

बाहेर फुटपाथवर दोघं मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून उभी राहिली.

"मला तारलंस की बुडवलंस?" अराबाने विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"खरंच कळत नाहीये गं. खोटं बोलायला हवं होतं का?"

"नको," ती म्हणाली. मग, "हो." मग रडू की हसू हे ठरेना, म्हणून बॅगेतून कागद काढला आणि तिथेच, पोस्टाच्या पेटीवर ठेवून लिहायला लागली:

"माननीय न्यायाधिकरणास सविनय विनंती, की निकालास अद्याप सहा आठवडे असल्याने, मधल्या काळात साक्षीदार क्रमांक एक यांचा उजवा हात, त्यांच्या परकेपणास बाध न येता, रोज अर्धा तास धरण्याची तात्पुरती परवानगी अपीलकर्तीस मिळावी. डावा हात पुरावा म्हणून जमा करून घेण्यास उभयतांची हरकत नाही."