शमुवेलच्या गालाचा नकाशा

मार्च अर्धा सरला होता, शेवगावात ऊन रणरणत होतं, आणि अशा उन्हात नाकापर्यंत लोकरीचा मफलर गुंडाळलेला एक माणूस मिशनच्या दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसला. दयाला हसू आवरेना. पण नर्सनं पेशंटला हसू नये, असं नगरला ट्रेनिंगमध्ये तीन वर्षं शिकवलं होतं, म्हणून तिनं हसू पदरात लपवलं.

"गालगुंड झालंय का, भाऊ?"

"न्हाई."

"दात दुखतो?"

"दात शाबूत हायेत."

"मग थंडी वाजतेय?"

मफलरमधून नुसते डोळे दिसत होते. ते डोळे आधी रागावले, मग त्यांनाही हसू फुटलं. "बाई, आधी तेवढा पडदा वढा," तो म्हणाला. "मंग दावतो."

डॉक्टरसाहेब यंदा लवकरच महाबळेश्वरला गेले होते. उन्हाळाभर दवाखान्याचा सगळा कारभार दयाच्या एकटीच्या हातात होता, आणि तिला तो आवडत होता. तिनं पडदा ओढला. त्यानं मफलर सोडला, तोही सावकाश, घाबरत.

नाकडोळे तर चांगले होते. पण दोन्ही गालांच्या खालच्या बाजूला, जबड्यावर आणि मानेवर लालकाळ्या पुटकुळ्यांची दाटी झाली होती. काही फुगलेल्या, काही काळे डाग पडून बसलेल्या. दयानं त्या पाहिल्या आणि हा माणूस कोण ते तिला कळलं.

हा शमुवेल. पाच वर्षं मिलिटरीत लॉरी चालवून, इटलीपर्यंत जाऊन, गेल्या डिसेंबरात परत आलेला. याचं नाव तिच्या घरात महिनाभर रोज निघत होतं. तिचे वडील फिलिप मास्तर शाळेचे हेडमास्तर होते आणि चर्चचे 'वडील'ही, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक. प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्या मंडळीत फिरे, आणि तो फिरवण्याचं काम मास्तरांचं. शमुवेलच्या ओठांना लागलेला प्याला आम्ही घेणार नाही, असं लोकांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं. लढाईवरून पोरगा कसला तरी रोग घेऊन आलाय, म्हणत. त्या रोगाचं नाव कोणी घेत नव्हतं, आणि नाव न घेतल्यामुळे तो जास्तच वाईट वाटत होता. शेवटी मास्तरांनीच शमुवेलला घरी बोलावून सांगितलं होतं, की चेहरा बरा होईपर्यंत तू प्याल्याला बसू नकोस.

"ईस्टरपत्तूर मुदत हाय," शमुवेल म्हणाला. "मास्तर म्हनले, तवर चेहरा नितळ झाला तर प्याला दिऊ. न्हाई झाला तर…"

"तर?"

"तर मी खडकीला जानार. तिथं लॉऱ्यांच्या कारखान्यात काम मिळतं. तिथं कुनी कुनाला वळकत न्हाई, कुनी तोंडाकडं बघत न्हाई." त्यानं मफलर मांडीवर गुंडाळला. "आई एकली पडंल. पन हितं मानसं माज्या बाकावर बी बसत न्हाईत, बाई."

दयाचं काळीज हललं. पण तिनं नर्सच्या आवाजात विचारलं, "लोक बोलतात, तसं काही… तिकडं झालं होतं? खरं सांगा. मी औषध देणारी आहे, न्यायाधीश नाही."

"न्हाई," तो म्हणाला. नजर अजिबात न हलवता म्हणाला. "तसलं काय बी न्हाई."

तिचा लगेच विश्वास बसला. इतका लगेच की ती स्वतःवरच चिडली, आणि चिडून तिनं कपाटातलं भिंग काढलं.

खिडकीपाशी उजेडात त्याला बसवून तिनं एकेक पुटकुळी पाहिली. बाहेर कडुलिंबाला मोहोर आला होता, त्याचा कडसर वास आत येत होता. पहिल्या पुटकुळीत तिला एक काळा वेटोळा दिसला. दुसरीतही तसाच. तिसरीतही. तिनं भिंग खाली ठेवून त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस दाट, जाड आणि घट्ट कुरळे होते, फणीचे दात मोडतील असे.

"दाढी कधी करता?"

"रोज. दोन डाव."

"दोन?"

"येकदा सुलटी, मंग उलटी, खालनं वर. पलटनीत आमचा जमादार सकाळी गालावरनं कापूस फिरवायचा. कापूस अडकला की पाठीवर बोजा घिऊन मैदानाला धा फेऱ्या. सवयच लागली."

"आणि पुटकुळ्या आल्यावर?"

"मंग आनिक दाबून करायला लागलो. कातडी ताणून. चेहरा साफ दिसावा म्हनून."

आता मात्र दया हसली. ट्रेनिंग वगैरे सगळं विसरून हसली. तो गोंधळून बघत राहिला.

"अहो, तुमचा केस जाड आणि कुरळा. कातडी ताणून उलटा वस्तरा मारला की तो कातडीच्या आत कापला जातो, आणि टोक होतं सुईसारखं. वाढताना सरळ बाहेर येण्याऐवजी वळतो आणि परत तुमच्याच गालात घुसतो. तिथं सूज येते. तुम्ही ती पुन्हा खरवडता." तिनं त्याच्यापुढे आरसा धरला. "तुम्हाला रोग नाही, शमुवेल. तुम्हाला दाढी आहे."

तो बराच वेळ आरशात बघत बसला.

"येवढंच?"

"एवढंच."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. दयानं उगाच बाटल्यांची जागा बदलायला घेतली, आणि एरव्ही कधी नाही ते टिंक्चरची बाटली बोरिकच्या जागी ठेवली.

उपाय सोपा होता आणि म्हणूनच अवघड. तीन आठवडे दाढीला हात लावायचा नाही. रोज दोनदा कोमट पाण्याचा फडका गालावर धरायचा. जे केस आत वळलेत, त्यांची टोकं दया उकळलेल्या सुईनं हलकेच बाहेर काढणार. उपटायचा मात्र एकही नाही, नाहीतर पुन्हा तेच. शमुवेलनं कुरकुर केली. दाढी वाढवली तर लोक म्हणतील, रोग लपवतोय.

"लोक आत्ता काय म्हणतात?"

"तेच."

"मग नवीन काय बिघडणार?"

त्या संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. मास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं. "तुझा शब्द मला पुरतो, दया," ते म्हणाले. "पण मंडळीला पुरणार नाही. त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

शमुवेल दर तीन दिवसांनी येऊ लागला. मफलर गेला, दाढी आली. ती सुई घेऊन बसे, आणि तो डोळे मिटून घेई. मिटलेल्या डोळ्यांनी माणूस जास्त बोलतो. इटलीतल्या बर्फाबद्दल, चिखलात रुतलेल्या लॉरीबद्दल, आईच्या हातच्या बाजरीच्या भाकरीची कशी आठवण यायची त्याबद्दल.

"दुखतंय?"

"न्हाई. तुमी चालू द्या. सावकाश… घाई न्हाई."

"बाहेर चार पेशंट बसलेत."

"त्यांना बी घाई न्हाई. मी इचारलंय."

केव्हातरी तिच्या बोलण्यातून 'भाऊ' हा शब्द गळाला होता. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्याच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं होतं.

तीन आठवड्यांनी सूज उतरली. आता पुन्हा वस्तरा लावायचा तर केस कोणत्या दिशेनं वाढतो ते आधी कळायला हवं होतं. दयानं बोटाचं टोक त्याच्या गालावरून फिरवलं. जिकडे मऊ लागे ती वाढीची दिशा, जिकडे बोचे ती उलटी. गालावर केस खाली उतरत होते, हनुवटीखाली आडवे वळत होते, आणि मानेवर डाव्या बाजूला चक्क वर चढत होते. ती एका हातानं चाचपत होती आणि दुसऱ्या हातानं औषधाच्या चिठ्ठीमागे त्याच्या जबड्याचं चित्र काढून बाण मारत होती. हे शुद्ध वैद्यकीय काम होतं. तरी तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"ह्यो काय नकाशा?" तो हळूच म्हणाला. "आख्ख्या इटलीच्या नकाशावर येवढे बाण नव्हते."

"हलू नका."

"हलत न्हाई… नाडी तेवढी हलतीया. ती माज्या हातात न्हाई."

तिचं बोट त्याच्या मानेवर होतं. नाडी खरंच जोरात चालली होती. तिनं बोट उचललं, पण जरा उशिरानं.

पहिली दाढी गनीभाईंच्या दुकानात झाली. गनीभाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "चाळीस साल वस्तरा चालवतोय," ते म्हणाले, "पन दाढीचा नकाशा पहिल्यांदा बघतोय. बाईनं लिवलंय ते बरोबर हाय. कुरळ्या दाढीला उलटा हात लावायचा नसतो, हे आमचे वालिद सांगायचे. पन गिऱ्हाईक ऐकतंय कुटं? त्याला गाल लोन्यावानी पायजे." मग गरम फडका, भरपूर फेस, धारदार वस्तरा, आणि बाणांच्या दिशेनं एकेकच हात, कातडी न ताणता, न दाबता. दाढी जराशी खरखरीत राहिली. पण आठवडा गेला तरी पुटकुळी एकही उठली नाही. नंतर तो घरीच, तशीच, तीन दिवसांनी एकदा करू लागला. ईस्टरला आता आठच दिवस होते, आणि दया भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होती.

आणि गुरुवारी दुपारी तो दवाखान्यात आला, तो उजव्या गालावर हात धरूनच.

"हात काढा," दया म्हणाली.

त्यानं काढला. उजव्या जबड्यावर आठदहा नव्या, लाल, टरटरून आलेल्या पुटकुळ्या होत्या. तीन दिवसांवर ईस्टर. पाच आठवड्यांची मेहनत मातीत, आणि हा माणूस खडकीला.

"काय केलंत?"

"सोमवारी… उलटा हात मारला."

"का? मी काय सांगितलं होतं? तो नकाशा काय भिंतीला लावायला दिला होता?" तिचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. "का केलंत असं?"

"सांजच्याला तुमच्या घरी यायचं मनात हुतं. मास्तरांकडं. म्हटलं, चांगलं गुळगुळीत होऊन जावं." तो जमिनीकडे बघत होता. "निम्मी झाली आनि तुमी आठवला. मंग दुसऱ्या गालाला सुलटाच हात मारला. पन आपन घान केली हे कळलं, आनि आलोच न्हाई."

"निम्मी झाल्यावर आठवले? आधी नाही?"

"आधी बी तुमीच हुता डोक्यात. म्हनून तर इसरलो."

दयाला रडावं की ओरडावं ते कळेना. आणि अचानक तिला काहीतरी दिसलं. तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवला, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. डावा गाल नितळ होता. एकही पुटकुळी नाही.

"चला," ती म्हणाली.

"कुटं?"

"बाबांकडं. तसेच. तोंड धुवू नका, काही लावू नका, हात तर अजिबात लावू नका."

फिलिप मास्तर शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. दयानं शमुवेलला त्यांच्यापुढे उभं केलं, आणि सोमवारी काय झालं ते सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा नीट केला. उजवा गाल पाहिला, डावा पाहिला, मग उठून दोन्ही बाजूंनी त्याच्याभोवती फिरून आले.

"रोग असता," ते सावकाश म्हणाले, "तर तो नाकापाशी येऊन थांबला नसता."

"नाही, बाबा."

"डाव्या गालाला सुलटा, उजव्याला उलटा. एकच दिवस, एकच वस्तरा." पस्तीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवलेले मास्तर एकदम खुर्चीत बसले, आणि त्यांनी भलामोठा श्वास सोडला. "शमुवेल, मागच्या प्रभुभोजनाला तुझ्यापुढून प्याला तसाच नेला. तेव्हापासून मला धड झोप नाही रे. उद्या चर्चच्या सगळ्या वडिलांना बोलावतो. हा गाल त्यांना दाखव. पुसू नकोस." मग चष्मा काढून त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "पण सोमवारी तू माझ्याकडे कशाला येणार होतास?"

शमुवेल इटलीत बाँब पडताना डगमगला नव्हता म्हणे. आता मात्र त्याचे दोन्ही गाल सारखेच लाल झाले.

"ते… सनानंतर सांगतो, मास्तर."

मास्तरांनी दयाकडे पाहिलं. दया कडुलिंबाकडे पाहत होती.

शुक्रवारी चर्चच्या वडिलांनी गाल पाहिले, माना डोलावल्या, आणि शमुवेलला प्याला द्यायचं ठरलं. पण वडिलांनी ठरवणं वेगळं आणि मंडळीनं ओठ लावणं वेगळं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, असं चर्चमध्ये बसत. ईस्टरच्या सकाळी दया नेहमीच्या तिसऱ्या बाकाकडे निघाली, तेव्हा मास्तर दारात तिला हळूच म्हणाले, "आज पहिल्या बाकावर बस. अगदी कडेला." कधी काही न सांगणारे बाबा असं का सांगतात, ते तिला कळलं नाही. ती बसली.

प्याला पुरुषांच्या बाजूनं फिरला. मास्तरांनी शमुवेलला सगळ्यात शेवटी दिला. त्यानं दोन्ही हातांनी धरला, घोट घेतला, परत दिला. आता बायकांची पाळी होती. चर्चमध्ये कोणी खोकेना. त्याच्यानंतर पहिला ओठ कोण लावतंय, ते बघायला दोनशे माणसं श्वास धरून बसली होती.

मास्तर प्याला घेऊन आले आणि दयापुढे थांबले. तिनं वर पाहिलं, आणि आपल्याला कडेला का बसवलं ते तिला कळलं. तिनं प्याला घेतला. कड पुसली नाही. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा घोट घेतला, आणि प्याला शेजारच्या म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीनं एकदा दयाकडे पाहिलं, एकदा शमुवेलकडे, आणि गुमान प्यायली. मागच्या बाकांवरून दोनशे श्वास एकदम सुटल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर लोक शमुवेलला सलाम करत होते, आईची विचारपूस करत होते, खांद्यावर थोपटत होते. त्यातून वाट काढत तो विहिरीपाशी उभ्या असलेल्या दयाकडे आला.

"खडकीला कधी निघालात?" तिनं विचारलं.

"रद्द केलं." तो टोपी हातात फिरवत राहिला. "दयाबाई, मला येक इचारायचं हाय… म्हंजी, तुमाला न्हाई, मास्तरांना. आज सांजच्याला येऊ का? काय म्हनतील वो ते?"

दयानं चर्चच्या दाराकडे पाहिलं. मास्तर रिकामा प्याला पुसत उभे होते, आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"त्यांनी सकाळीच सांगितलं की," ती म्हणाली. "दोनशे माणसांसमोर."